ड्रॅगन क्वेस्ट अकरा (स्विचवर): गोन्डोलियाला पोचलो, तोवरचा रिव्ह्यू

पहिलेच सांगून ठेवतो, गेम संपलेला नाही, अर्धाही झाला नसावा. गेममधलं हॉट्टो गाव झालं, गॅलोपोलिसचं वाळवंट पार झालं आणि आता गोन्डोलियाच्या बंदरात येऊन थांबलो आहे, पुढे समुद्र. म्हणजे हा सुरुवातीचाच रिव्ह्यू आहे, पण जेआरपीजीच्या (म्हणजे पात्रांची ताकद वाढवत लांब गोष्ट पार करायच्या जपानी गेमच्या) बाबतीत मला असाच रिव्ह्यू जास्त कामाचा वाटतो. एवढा लांबलचक गेम पुरा संपवून कोणी सांगितलं की "मधल्या भागानंतर लय भारी होतो" तर त्याचा आपल्याला उपयोग काय? आपल्याला ड्युटी करून, घरचं पाहून, रात्री जेवणं आटोपल्यावर जो काही वेळ उरतो त्यात खेळायचं असते, आणि त्या वेळात सुरुवातीलाच गेमनं धरून ठेवलं नाही तर तो कपाटात जाऊन पडतो. ह्यानं धरून ठेवलं. चांगलंच धरून ठेवलं.

आणि काहून धरलं ते पण सांगतो. ह्या गेमचा जीव त्याच्या गावांमध्ये आहे. गोष्ट तशी ओळखीची आहे, निवडलेला पोरगा, जगावर संकट, वगैरे. लढाई जुन्या पद्धतीची आहे. पण एक एक गाव असं बनवलं आहे ना बाप्पा, की मुख्य काम बाजूला ठेवून आपण घराघरात शिरून लोकांशी बोलत बसतो. म्हणून माझं म्हणणं एकच, हा गेम हळू खेळा. घाईनं खेळाल तर बोअर होईल आणि दोष गेमला द्याल.

आता ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्ण नाव आहे ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन एस: इकोज ऑफ ॲन इल्युसिव्ह एज, डेफिनिटिव्ह एडिशन. मूळ गेम जपानमध्ये जुलै २०१७ ला पीएस फोर आणि थ्रीडीएसवर आला, बाकी जगाला सप्टेंबर २०१८ मध्ये मिळाला, आणि ही जी 'एस'वाली सुधारलेली आवृत्ती आहे ती आधी सप्टेंबर २०१९ ला निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर आली, मग डिसेंबर २०२० ला पीएस फोर, एक्सबॉक्स आणि पीसीवर. कंपनी स्क्वेअर एनिक्स. सिरीज १९८६ पासून चालू आहे, आणि पहिल्या गेमपासून तीन माणसं तिच्याशी जोडलेली: गोष्ट आणि गेमचा आराखडा युजी होरी यांचा, पात्रं आणि राक्षस अकिरा तोरियामांचे (हो, तेच ड्रॅगन बॉलवाले), संगीत कोइची सुगियामांचं. सुगियामा २०२१ मध्ये गेले आणि तोरियामा मार्च २०२४ मध्ये. नंबरवाल्या मुख्य गेम्सपैकी आतापर्यंत जे बाजारात आले त्यात तिघांचं काम एकत्र असलेला हा शेवटचा. मला हे खेळताना सारखं आठवते, तो निळा थेंबासारखा स्लाइम पहिल्यांदा गवतात उड्या मारताना दिसला की जरा भरून येते, खरंच. एवढा साधा राक्षस, दोन डोळे आणि एक हसू, आणि जवळजवळ चाळीस वर्षं तो तसाच आहे, त्यात काही बदलावंसं कोणालाच वाटलं नाही.

आधीचे दहा भाग खेळावे लागतात का, हा प्रश्न मला दोन-तीन मित्रांनी विचारला. नाही लागत. गोष्ट स्वतंत्र आहे.

सुरुवात कोबलस्टोन नावाच्या छोट्या गावात होते. डोंगराच्या कुशीत, नदीकाठी, पंधरा-वीस घरं असतील नसतील. तुमचा हिरो आणि त्याची बालमैत्रीण जेमा दोघं एकाच दिवशी वयात आलेले, आणि गावाची रीत अशी की त्या दिवशी डोंगरावर चढून वर प्रार्थना करून यायचं. सोबत सॅन्डी नावाचा कुत्रा. वर काय होते ते फार सांगत नाही, हिरोच्या हातावरची खूण चमकते आणि वीज पडते एवढं पुरे. घरी आल्यावर आई सांगते की तू 'ल्युमिनरी' आहेस, अंधाराशी लढलेल्या जुन्या वीराचा पुनर्जन्म, आता हेलिओडोरच्या राजाकडे जा. पोरगं मोठ्या आशेनं राजाकडे जाते आणि राजा त्याला "हाच अंधाराचं बीज आहे" म्हणून थेट तळघरातल्या कोठडीत टाकते. तिथं एरिक भेटतो, निळ्या केसांचा चोर, आणि दोघं भुयारातून पळतात, मागे काळा ड्रॅगन लागलेला.

इथपर्यंत मला गेम चांगला वाटून राहिला होता, फार काही वेगळा नाही. त्यानंतर जे होते तिथं मी गेमच्या ताब्यात गेलो. ज्यांना काहीच आधी माहीत नको असेल त्यांनी पुढचा एक परिच्छेद सोडून द्या.

तर हिरो पळून आपल्या गावाकडे येतो. गावात शिरतो तर सगळं ठीक दिसते, धुराडी चालू आहे, लोक कामात आहेत. तुम्ही घरी जाता आणि आई दारात अनोळखी माणसाकडे पाहतात तशी पाहते. ओळखत नाही. कोण तू, काय पाहिजे, असा सूर. तुम्ही बाहेर पडता, लोकांशी बोलता, कोणीच ओळखत नाही. मग एक लहान पोरगी झाडाखाली रडताना दिसते, तिची ओढणी झाडात अडकली आहे, आणि ती जेमा आहे, पाच-सहा वर्षांची. तेव्हा कळते की हे गाव आत्ताचं नाही. नदीवर आजोबा बसले आहेत, चॉकी नाव त्यांचं, आणि ते तुम्हाला पाहतात, आणि बाकी सगळ्यांपेक्षा वेगळं वागतात. इथं गेमनं काय केलं पाहा: मोठा सिनेमा दाखवला नाही, ढोल-ताशे नाही, फक्त तुम्हाला मोकळं सोडलं की जा, ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोल. मी प्रत्येक घरात गेलो. सुरुवातीला ह्याच लोकांनी मला निरोप देताना काय काय म्हटलं होतं ते आठवत होतं, आणि आता तेच लोक मला परका समजून राहिले होते. ज्यानं सुरुवातीला घाईघाईत गाव सोडलं असेल, कोणाशी बोललाच नसेल, त्याला हा प्रसंग अर्धाच भिडेल. त्यानंतर आत्ताच्या काळातलं गाव दिसते. ते मी लिहीत नाही.

ह्या प्रसंगानं मला गेम कसा खेळायचा ते शिकवलं. तिथून पुढे मी प्रत्येक गावात आधी सगळ्यांशी बोलतो, मग कामाला लागतो.

हॉट्टो हे दुसरं मोठं ठिकाण जे मनात बसलं. ज्वालामुखीच्या अंगावर वसलेलं, गरम पाण्याच्या कुंडांचं गाव, जपानी धाटणीचं, खालपासून वरपर्यंत पायऱ्याच पायऱ्या, चारीकडे वाफ, लाकडी घरं. तिथले लोक पूर्ण हायकूत बोलतात, पाच-सात-पाच, दुकानदार पण आणि रस्त्यावरचा पोरगा पण. आपल्याकडे म्हणतात ना दर बारा कोसावर भाषा बदलते, ते ह्या गेमच्या लेखकांनी अगदी मनावर घेतलं आहे. कोबलस्टोनचे लोक खेडवळ इंग्रजीत बोलतात, गोन्डोलियाला आलं की इटालियन ढंग सुरू होते, आणि हे नुसतं गंमत म्हणून नाही, थोड्या वेळानं डोळे मिटून सुद्धा सांगता येते की आपण कुठल्या गावात आहो. हॉट्टोत व्हेरोनिका भेटते. दिसायला लहान पोरगी, तोंड मोठ्या बाईसारखं चालते, आणि त्यामागे कारण आहे, एका राक्षसानं तिची जादू शोषून घेतली आणि ती वयानं लहान झाली. तिची बहीण सेरेना एकदम उलट, मवाळ, गोड बोलणारी. ह्या दोघी आल्या की पार्टीत, म्हणजे आपल्या सोबत्यांच्या टोळीत, जीव येते, कारण तोवर हिरो मुका आणि एरिक एकटाच बोलणारा.

गॅलोपोलिस तर मला सगळ्यात आवडलं आतापर्यंत. वाळवंटातलं सुलतानाचं शहर, आणि सगळं शहर घोड्यांच्या नादात वेडं. शर्यतीचं मैदान, घोड्यांचे पुतळे, लोकांच्या तोंडी घोडे. आणि अशा शहराच्या राजपुत्राला, फारिसला, घोड्यावर नीट बसताच येत नाही! बापाला माहीत नाही, प्रजेला माहीत नाही, सगळे त्याची वाहवा करून राहिले आणि तो आतून घाबरलेला. तो तुम्हाला गुपचूप म्हणतो की माझं चिलखत घालून माझ्या जागी शर्यतीत उतर. मग पुढे वाळवंटातला मोठा विंचू पकडायची वेळ येते, 'स्लेयर ऑफ द सॅन्ड्स', आणि खोटं बोलून बोलून पोरगा अशा जागी येऊन पोचतो जिथून माघार नाही. मला आवडलं ते हे की गेम त्याला नुसता भेकड म्हणून हसून सोडून देत नाही. सिल्व्हान्डो नावाचा सर्कसवाला कलाकार इथं येतो, नखरेल, सगळ्यांना "डार्लिंग, हनी" म्हणणारा, पहिल्यांदा वाटते हा फक्त हसवायला ठेवला आहे, आणि तोच माणूस फारिसला शूरपणा काय असतो ते खडसावून सांगतो. तो प्रसंग झाल्यावर मी परत शहरात फिरलो तर लोकांच्या तोंडची वाक्यं बदललेली. प्रत्येक मोठ्या घटनेनंतर बदलतात. कोणी एवढं काम करते का, पहारेकऱ्यासाठी पण नवीन ओळी लिहिल्या आहेत.

ह्या 'एस' आवृत्तीत आपल्याच सोबत्यांशी कधीही बोलता येते, बटण दाबलं की ते आत्ताच्या परिस्थितीवर काहीतरी म्हणतात. व्हेरोनिकाचं ऐकत जा, प्रत्येक वेळी काहीतरी खोचक असते.

आता लढाई. ती टर्न-बेस्ड आहे, शुद्ध. तुम्ही हुकूम द्या, पात्र हाणते, मग राक्षसाची पाळी. कॅमेरा मोकळा सोडून पात्राला मैदानात इकडून तिकडे पळवता येते पण त्यानं वार चुकत नाही की काही फरक पडत नाही, ते नुसतं दिसायला आहे, म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन क्लासिकवर टाकलं. राक्षस मैदानात फिरताना आधीच दिसतात, नको असेल तर वळसा घालून जा, घोड्यावर असाल तर लहान राक्षसाला उडवून पुढे जाता येते. लढाईचा वेग तीन पायऱ्यांचा आहे, मधला ठेवा, तो बरोबर आहे. आणि सोबत्यांना प्रत्येक वेळी हुकूम द्यायचा कंटाळा आला तर 'फाइट वाइजली'वर टाकून द्या, ते बऱ्यापैकी अक्कल वापरतात, सेरेना तर वेळेवर बरं करण्यात माझ्यापेक्षा चपळ आहे. बॉससमोर, म्हणजे मोठ्या खास राक्षसासमोर, मात्र मी सगळे हुकूम स्वतःच देतो, तिथंच मजा आहे.

एक उदाहरण देतो म्हणजे कळेल. एरिकच्या हाती सुरे दिले की त्याला आधी 'कोब्रा स्ट्राइक' मिळतं, त्यानं शत्रूला विष चढू शकते. मग 'व्हिक्टिमायझर' नावाचा वार, जो साध्या शत्रूवर साधाच लागतो पण विष चढलेल्यावर किंवा झोपलेल्यावर कित्येक पटीनं लागते. तर खेळ असा होतो की पहिल्या पाळीत विष चढते का पाहा, चढलं तर पुढच्या पाळीत एरिकचा मोठा वार, नाही चढलं तर परत प्रयत्न, आणि त्यादरम्यान सेरेनाकडून 'बफ' टाकून आपला बचाव वाढवून ठेवा. कागदावर साधं वाटते. पण बॉसच्या अंगावर जेव्हा विष चढलेलं दिसते आणि एरिकची पाळी पुढचीच असते, तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून पुढे सरकतो. त्यात 'पेप' म्हणून प्रकार आहे, मार खाता खाता पात्राच्या अंगाभोवती निळी झळाळी येते, ताकद वाढते, आणि दोघं-तिघं एकदम पेपमध्ये असले तर जोडीचे वार करता येतात. सिल्व्हान्डो आल्यावर पाच जण होतात, मैदानात चार, पण आपली पाळी आली की बाहेरच्याला आत घेता येते.

पण, आणि हे फार महत्त्वाचं आहे म्हणून जरा नीट वाचा. साध्या सेटिंगवर हा गेम सोपा आहे. फारच सोपा. लेव्हल वाढली की एचपी-एमपी (जीव आणि जादूची ताकद) पूर्ण भरून मिळते, ठिकठिकाणी तंबू टाकायच्या जागा आहेत, तिथं झोपलं की सगळं भरते, त्यामुळे पहिले कितीतरी तास तुम्ही फक्त 'अटॅक' दाबून निघून जाऊ शकता आणि मग म्हणाल की लढाईत काही दम नाही. नवीन गेम सुरू करताना 'ड्रॅकोनियन क्वेस्ट' नावाचा पर्याय विचारतात, त्यात आठ-नऊ अटी आहेत, पाहिजे त्या टिक करा: राक्षस तगडे, सोप्या लढाईतून कमी अनुभव, दुकानातून काही घ्यायचं नाही, चिलखत घालायचं नाही, पळून जायचं नाही, असे. ह्यातला फक्त तगड्या राक्षसांचा पर्याय टिक करा. बाकीचे पहिल्यांदा खेळणाऱ्यानं सोडून द्यावे, विशेषतः गावकरी उलटसुलट बडबडतात तो पर्याय अजिबात घेऊ नका, ज्या गेमचा जीव गावांत आहे त्यात गावकऱ्यांचं बोलणंच बिघडवून घ्यायचं म्हणजे काय. आणि मुख्य गोष्ट, हे सगळं सुरुवातीलाच ठरवावं लागते. मध्येच बंद करता येते चर्चमध्ये जाऊन, पण एकदा न घेता गेम सुरू केला तर नंतर चालू करता येत नाही. हे गेम पुरेसं ठासून सांगत नाही आणि माझी त्यावर खरी तक्रार आहे.

तगडे राक्षस चालू असले की सगळं बदलते. हॉट्टोच्या आधीच्या जंगलात, मॅन्गलग्रोव्हमध्ये, साध्या टोळक्यासमोर पण विचार करावा लागतो, शत्रूचा बचाव कमी करणारी 'सॅप' जादू जी एरवी कोणी हात लावणार नाही ती कामाची वाटू लागते, औषधी वनस्पती विकत घेऊन ठेवाव्या लागतात. आणि हो, इथं एक जुनाट गोष्ट सांभाळा: पिशवीतली वस्तू लढाईत वापरता येत नाही, ज्याच्या अंगावर ती दिलेली आहे त्यालाच वापरता येते. म्हणजे औषधं आधी वाटून ठेवायची. एरिककडे दोन-तीन, हिरोकडे दोन-तीन, सेरेनाकडे एमपी भरायचं काही. नाहीतर पिशवीत ढीगभर औषध आणि माणसं मरून राहिली असा प्रकार होते.

लोहारकामाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. तंबूच्या जागी एक छोटी भट्टी मिळते आणि 'एस'मध्ये तर ती कुठंही उघडता येते. तलवार, टोपी, अंगठी, सगळं ठोकून बनवायचं. पडद्यावर तापलेल्या धातूचे चौकोन दिसतात, प्रत्येकाला एक पट्टी, ती पट्टी हिरव्या भागात आणायची हातोडे मारून. तापमान सारखं उतरत असते, गरम असताना घाव जोरात बसतो, थंड झालं की हलका. तर पहिले जोरदार घाव मोठ्या पट्टीवर, आणि शेवटी थंडावलेल्या धातूवर हलक्या हातानं टिचक्या मारल्यासारखं. एक घाव जास्त झाला की पट्टी पुढे निघून जाते. नीट जमलं तर वस्तूला अधिक एक, अधिक दोन, अधिक तीन असा दर्जा मिळते. सोनाराच्या पेढीवर बसून कारागिराचा हात पाहावा तसं मला हे वाटते, ताकद कुठं लावायची आणि कुठं हात आवरायचा. साहित्य कमी पडलं आणि ते कुठल्या दुकानात आधी पाहिलेलं असेल तर तिथल्या तिथं पैसे देऊन घेता येते, त्यामुळे गवतात पानं शोधत फिरावं लागत नाही. नवीन कृतींची पुस्तकं घरांतल्या कपाटांवर सापडतात, म्हणजे परत तेच, घराघरात शिरा.

संगीताबद्दल दोन मतं ऐकली होती आणि दोन्ही खरी निघाली. चाल चांगली आहे, मुख्य धून सुरू झाली की अंगात उत्साह येते, आणि २०१८ च्या आवृत्तीत ते सगळं सिंथेसायझरवर होतं, इथं टोकियो मेट्रोपॉलिटन सिम्फनी ऑर्केस्ट्रानं वाजवलेलं आहे, फार मोठा फरक आहे. पण मोकळ्या रानात फिरताना तीच धून तीच धून तीच धून. नवीन प्रदेशात आलो, वाळवंटाची वाट धरली, किनाऱ्यावर आलो, तरी रानाची धून तीच. एवढ्या वेगवेगळ्या मुलखांना वेगवेगळ्या धुना का दिल्या नाही, मला खरंच कळलं नाही. गावांच्या धुना मात्र वेगळ्या आणि सुंदर. आपल्याकडे मे महिन्यात कूलर चालू असला की तसंही टीव्हीचा आवाज कानापर्यंत पोचत नाही, त्यामुळे हेडफोन लावा, निदान गावात शिरताना तरी. इंग्रजी आवाज छान आहेत, ब्रिटिश ढंगाचे, आणि इथं जपानी आवाजही निवडता येतात, पण मी इंग्रजीच ठेवले कारण गावागावाच्या बोलीची मजा त्यातच आहे.

हिरोचा मुकेपणा खटकतो. जुनी परंपरा आहे ह्या सिरीजची, ठीक आहे, पण आवाज-अभिनय असलेल्या गेममध्ये बाकी सगळे रडून राहिले, ओरडून राहिले आणि हा पुतळ्यासारखा उभा. वर सांगितलेल्या कोबलस्टोनच्या प्रसंगात ते चाललं, कारण तिथं बोलायला शब्दच नसतात माणसाजवळ. इतर ठिकाणी नाही चालत. साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य गोष्टीबाहेरची कामं, पण काही खास नाही, अमुक राक्षसाला तमुक वार करून मार, अमुक वस्तू आणून दे, असंच. एक-दोन सोडले तर मी सोडून देऊन राहिलो आहे. आणि घरात सगळ्यांसमोर टीव्हीवर खेळत असाल तर सांगून ठेवतो, ह्या सिरीजमध्ये 'पफ-पफ' नावाचा एक चावट विनोद जुन्या भागांपासून चालत आला आहे, तो इथंही आहे. दाखवत काही नाही, पण बोलणं तसं आहे. मला तो आवडला नाही, आता काढून टाकायला पाहिजे होता.

स्विचवर कसा चालते? डॉकमध्ये टीव्हीवर चांगला, हॅण्डहेल्डमध्ये, म्हणजे हातात धरून खेळताना, जरा धूसर, लांबची झाडं जवळ आल्यावर एकदम उगवतात, आणि सेकंदाला तीस फ्रेम्स आहेत, साठ नाही. पीसीवर आणि पीएस फोरवर साठ मिळतात. तरी मी स्विचच घ्या म्हणेन, ज्याच्याकडे आहे त्यानं, कारण हा गेम तुकड्या-तुकड्यानं खेळायला बनवल्यासारखा आहे. एमआयडीसीतून सुटलो की लोकमान्य नगरला नागपूरच्या मेट्रोत बसायचं, बर्डी (सीताबर्डी) येईपर्यंत दोन-चार लढाया, एखादं गावातलं घर, नाहीतर एखादी तलवार ठोकून होते, आणि बर्डी आलं की पॉवर बटण दाबून बॅगेत. ऑरेंज लाइन पकडून परत तिथूनच चालू. भाग बदलला की ऑटोसेव्ह होते, त्यामुळे धाकधूक नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी लाइट गेली तरी बॅटरीवर खेळ सुरूच राहते, पीएस फोरवाल्यांचं तसं नाही. टर्न-बेस्ड असल्यामुळे मध्येच कोणी काही विचारलं, तिकीट काढायचं आहे, आईचा फोन आला, तर तुम्ही हुकूम देईपर्यंत राक्षस गुपचूप उभा.

ह्यातच एक टू-डी मोड पण आहे, पूर्ण गेम निन्टेन्डोच्या जुन्या सुपर फॅमिकॉम कन्सोलच्या काळातल्यासारखा, छोटी पात्रं, वरून दिसणारा नकाशा, राक्षस अचानक समोर येतात. चर्चमध्ये जाऊन बदलता येते, पण बदलताना गोष्ट त्या प्रकरणाच्या सुरुवातीपासून धरावी लागते, लेव्हल आणि सामान राहते. मी पाहून आलो, गोड आहे, पण हॉट्टोची वाफ आणि पायऱ्या त्यात नाहीत, म्हणून परत आलो.

घेण्याबद्दल. स्विच आपल्याकडे अधिकृतपणे विकल्या जात नाही, सगळा माल बाहेरून आलेला, त्यामुळे दुकानात कार्ट्रिज घेताना भाव वाट्टेल तो सांगतात. मला एका दुकानात नवीन म्हणून दाखवलेल्या खोक्याचं सील सरळ सरळ दुसऱ्यांदा लावलेलं दिसत होतं, मी घेतलं नाही. खोक्यावर इंग्रजी आहे का ते पण पाहून घ्या. स्विचवर मूळ किंमत ६० डॉलर आहे, बाकी प्लॅटफॉर्मवर ४० डॉलरला आला होता, म्हणजे पीसीवाल्यांना स्वस्त पडते, आणि सेलमध्ये आणखी उतरते. इंग्रजी सोपी नाही, बोलीभाषेचे वळसे आहेत, त्यामुळे घरात सहावी-सातवीचं पोर असेल तर त्याच्या शेजारी बसून वाचून दाखवावं लागेल, माझ्या भाच्याला मी तसंच दाखवून राहिलो आहे आणि त्याचा जीव सगळा सिल्व्हान्डोवर.

आणि पैसे टाकायच्या आधी डेमो उतरवा, फुकट आहे, सगळ्या प्लॅटफॉर्मवर आहे. दोन-चार मिनिटांचा नाही, जवळपास दहा तासांचा आहे, कोबलस्टोनचा तो सगळा भाग त्यात येतो, आणि पुढे पूर्ण गेम घेतला तर त्याच सेव्हवरून चालू ठेवता येते.